धर्मग्रामात श्रद्धेचा सर्व्हे करायचाय, प्रश्न कसे विचारायचे?

नंदाखालकर
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात (म्हणजे पॅरिश, एका चर्चखालचा भाग; वसईतलाच, नेमका कुठला ते नको) पॅरिश कौन्सिलने सर्व्हे करायचं ठरवलंय आणि प्रश्नावली बनवायचं काम माझ्याकडे आलंय. फादरांना दोन गोष्टी कळून घ्यायच्यात, एक म्हणजे दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पुढे पक्की करायचा विधी) झालं की पोरं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, यायची का थांबतात, आणि दुसरं म्हणजे मिस्सात भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतं यावर आपल्या लोकांचा मनापासून विश्वास आहे का. मी आधी बाहेरचे सर्व्हे वाचायला घेतले तर डोकं आणखी गरगरलं. अमेरिकेत प्यू रिसर्च या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये विचारलं तर फक्त ३१ टक्के कॅथलिक म्हणाले की ते खरंच ख्रिस्ताचं शरीर होतं, ६९ टक्के म्हणाले प्रतीक आहे. मग जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या कारा या संस्थेने २०२२ मध्ये विचारलं, त्यांना ६४ टक्के विश्वास ठेवणारे मिळाले. तीन वर्षांत दुप्पट कसे होतील? यातलं खरं काय धरायचं? आणि आमचं ठरलंय की रविवारच्या मिस्सानंतर दारात फॉर्म वाटायचे, ते बरोबर आहे का तेही सांगा.

आकडेवाली
लोक बदलले नाहीत हो, प्रश्न बदलला. प्यूने दोनच पर्याय दिले होते, भाकर-द्राक्षारस "प्रत्यक्षात शरीर आणि रक्त बनतात" किंवा "शरीर-रक्ताचं प्रतीक आहेत". आता धर्मशिक्षण नीट झालेला माणूससुद्धा इथे अडतो, कारण चर्चची शिकवण अशी आहे की तत्त्व बदलतं पण रूप, चव, रंग तसाच राहतो, आणि साक्रामेंत (चर्चचा पवित्र संस्कार) ही खूणही असतेच असं चर्चच सांगतं. म्हणजे "प्रतीक" म्हणणारा प्रत्येक जण नाकारतोय असं नाही. काराने शब्द बदलून विचारलं की येशू त्यात खरोखर उपस्थित आहे का, शिवाय लोकांना स्वतःच्या शब्दांत लिहायलाही दिलं, आणि सगळी उत्तरं एकत्र बघून ठरवलं.

पण माझ्या मते प्यूच्या सर्व्हेतला सगळ्यात मोलाचा आकडा ३१ नाहीच. त्यांनी आणखी एक विचारलं होतं, चर्च याबद्दल काय शिकवतं ते तुम्हाला माहीत आहे का. तर ४३ टक्के लोक असे निघाले की जे प्रतीक मानतात आणि चर्चही तेच शिकवतं असं समजतात. शिकवण माहीत असून न मानणारे २२ टक्के. बघा, हे दोन पूर्ण वेगळे लोक आहेत, पहिल्यांना कुणी शिकवलंच नाही आणि दुसऱ्यांनी विचार करून नाही म्हटलंय, फादरांनी दोघांना एकच प्रवचन दिलं तर काय उपयोग. म्हणून तुमच्या फॉर्ममध्ये "तुम्ही काय मानता" आणि "चर्च काय शिकवतं असं तुम्हाला वाटतं" हे दोन प्रश्न वेगवेगळे घ्याच.

आणि दारात वाटायचं मात्र रद्द करा. जो येत नाही त्याच्याबद्दलच तुम्हाला जाणून घ्यायचंय ना, मग तो दारात भेटणार कसा? काराच्या सर्व्हेत दर आठवड्याला मिस्साला जाणाऱ्यांपैकी ९५ टक्के विश्वास ठेवणारे होते, वर्षातून दोनचार वेळा किंवा त्याहून कमी जाणाऱ्यांत ५१. दारात वाटलंत तर तुमचा निकाल त्या ९५ च्या आसपासचा येईल, सगळे खूश होतील आणि कळणार काहीच नाही. पॅरिशच्या कुटुंबनोंदवहीतून दर दहावं घर घ्या आणि ते घर बंद असलं तर पुन्हा जा, शेजारचं घर घेऊ नका.

टोरांटोतला_वसईकर
वरच्या ताईंचं पटलं. मी एक भर घालतो, हजेरीबद्दल. "तुम्ही दर रविवारी मिस्साला जाता का" असं विचारलं की माणूस आपण कसं असायला हवं ते सांगतो, तो खोटं बोलतोय असं नव्हे, त्याच्या मनात तो जाणाराच असतो. अमेरिकेत १९९३ मध्ये तीन समाजशास्त्रज्ञांनी हे तपासलं, १८ धर्मप्रांतांत (एकेका बिशपच्या हाताखालच्या भागांत) मिस्साला आलेल्यांची प्रत्यक्ष मोजणी घेतली तर २८ टक्केच कॅथलिक येत होते आणि फोनवर विचारलं की ५१ टक्के जातो म्हणायचे. ओहायोतल्या एका काउंटीत तर त्यांनी प्रोटेस्टंट चर्चांच्या पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा मोजल्या.

तेव्हा तुम्ही तेच करा, डोकी मोजा. ऑक्टोबरमधले सलग चार रविवार, प्रत्येक मिस्साला, दोन पोरं दोन दारांत उभी करा. नाताळ, ईस्टर, सणाचे दिवस धरू नका, तेव्हा आखातातले आणि बोरिवली-मीरा रोडला गेलेले पण येतात. फॉर्ममध्ये "नेहमी जाता का" असं न विचारता "गेल्या रविवारी गेला होता का" असं विचारा, त्याने बराच फरक पडतो.

मोजायची रीत चर्चमध्ये जुनीच आहे बरं का. फ्रान्समध्ये गाब्रिएल ल ब्रा नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९३१ मध्ये आवाहन केलं की गावोगावी किती लोक ईस्टरला कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेतात आणि किती जण दर रविवारी येतात ते नोंदवा, त्यातून पुढे फेर्नां बुलार या धर्मगुरूने १९४७ मध्ये ग्रामीण फ्रान्सचा धार्मिक नकाशाच काढला. शेजारशेजारच्या प्रदेशांत केवढा फरक दिसला! मला वाटतं आपल्याकडे वाडीवार केलं तर असंच काहीतरी दिसेल, किनाऱ्याकडच्या वाड्या आणि स्टेशनकडच्या सोसायट्या एकसारख्या नसणार.

आगाशीची_बाय
मी तीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेत, मला सर्व्हेतलं फार कळत नाही पण भाषेतलं कळतं. बाळा, तुझे प्रश्न पुस्तकी मराठीत असतील तर आमच्या सामवेदी बोली बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका काय उत्तर देणार? "प्रतीक" हा शब्द शाळेतला आहे. माझ्या सासूला विचारलं असतं प्रतीक की प्रत्यक्ष, तर ती फॉर्म परत देऊन म्हणाली असती फादरांना विचारा. पण तीच बाई चर्चमध्ये साक्रामेंतासमोरून (तिथे ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोरून) गुडघा टेकल्याशिवाय कधी गेली नाही. तिचा विश्वास तिच्या गुडघ्यात होता. म्हणून करण्याबद्दल पण विचार, घरी जपमाळ होते का, शेवटचं प्रायश्चित्त (फादरांपुढे पापकबुली) कधी केलं, आजारी माणसाला कम्युनियन द्यायला फादरांना बोलावता का.

दुसरं, भारतातल्या धर्मांवर प्यूने जवळजवळ ३०,००० लोकांना १७ भाषांत विचारून २०२१ मध्ये अहवाल काढला, त्यात आहे की ५४ टक्के ख्रिस्ती लोक कर्मावर विश्वास ठेवतात. आमच्या ग्रुपवर तेव्हा केवढा गदारोळ झाला, धर्मशिक्षण कमी पडलं म्हणून. मी तेव्हापासून विचार करतेय, मराठीत आपण दिवसातून चार वेळा "कर्म माझं" म्हणतो, "करावं तसं भरावं" म्हणतो, आणि पेराल तसं कापाल हे तर पौलाने गलतीकरांना लिहिलंय. मग हो म्हणणाऱ्या बाईच्या मनात पुनर्जन्म आहे की ही म्हण आहे, हे नुसत्या हो-नाहीवरून कसं कळणार? आपला फॉर्म वाटायच्या आधी दहा घरांत बसून नुसतं विचार, हे वाचून तुम्हाला काय समजलं.

आणि घरटी एक फॉर्म अजिबात नको. बाप भरतो आणि सगळ्यांच्या वतीने टिक करतो. पोरांना वेगळा कागद, बंद पाकीट, नाव नाही, आणि गोळा करायला त्याच वाडीतला माणूस नको.

नंदाखालकर
बाय, तुमचं वाचून मी निम्मे प्रश्न खोडले. गूगल फॉर्म पण सोडला, ज्येष्ठांसाठी कागदच करतो. एक भीती आहे पण, निकाल वाईट आला तर? कौन्सिलमधले काही जण आत्तापासून म्हणतायत की बाहेर जायला नको.

आकडेवाली
ते आत्ताच मिटवा, निकाल यायच्या आधी. जोसेफ फिक्टर नावाचे एक जेज्वीट धर्मगुरू होते, त्यांनी न्यू ऑर्लिन्समधल्या एका पॅरिशचा वर्षभर अभ्यास केला, १९५१ मध्ये पहिला भाग छापला, आणि तिथल्या पॅरिश प्रिस्टनी हरकत घेतल्यावर पुढचे भाग आलेच नाहीत. फादर, कौन्सिल आणि तुम्ही बसून लिहून घ्या की कुठला आकडा मिस्सात वाचला जाईल, कुठला फक्त कौन्सिलपुढे राहील, आणि सुटे फॉर्म कोण जाळणार. लोकांनी मन मोकळं करून लिहिलंय तर त्यांना निकाल ऐकायचा हक्क आहे, कसाही असो.

नंदाखालकर
ठीक. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मीटिंग आहे, तिथे हे पहिलंच मांडतो. बाय, त्या दहा घरांसाठी तुम्ही याल का सोबत? तुम्ही असलात तर म्हाताऱ्या बोलतील.

आगाशीची_बाय
शनिवारी चारनंतर मोकळी आहे. कागद मोठ्या अक्षरात छापून आण.