केमो चालू असताना पायात गुठळी, त्यात ल्युपस अँटिकोआग्युलंट पॉझिटिव्ह: इंजेक्शन बदलून गोळी घ्यावी का?

नमस्कार. माझ्या काकीला (वय ५८, राहणार देवगड तालुका) अंडाशयाचा कर्करोग असून तिची केमो कोल्हापूरला चालू आहे. मागच्या केमोनंतर फोंडा घाटातून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिच्या डाव्या पायातले पैंजण घोट्याला रुतू लागले, पोटरी गरम आणि घट्ट झाली, आणि डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) मांडीतल्या खोल शिरेत गुठळी निघाली. तेव्हापासून एनॉक्सापॅरिनची (रक्त पातळ ठेवणाऱ्या, हेपारिनच्या जातीच्या औषधाची) इंजेक्शने सकाळ-संध्याकाळ मीच तिच्या पोटावर देतो.

कर्करोगात रक्त गोठण्याकडे झुकते हे फ्रेंच डॉक्टर त्रूसो यांनी १८६५ सालीच मांडले होते, त्यामुळे गुठळी का झाली हा माझा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो अँटिबॉडीचा. केमोपूर्वीच्या तपासणीत तिचा एपीटीटी वाढलेला होता, म्हणजे नळीत रक्त गोठायला उशीर लागत होता. गुठळी झाल्यावर केलेल्या तपासणीत ल्युपस अँटिकोआग्युलंट पॉझिटिव्ह आले. ही अँटिबॉडी प्रयोगशाळेत गोठणे लांबवते आणि शरीरात मात्र गुठळ्या करते, हे समजून घ्यायलाच मला बराच वेळ लागला. पण तो नमुना इंजेक्शने सुरू झाल्यावर घेतलेला आहे, आणि हेपारिनच्या जातीच्या औषधांमुळे ही चाचणी चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय कर्करोगात किंवा जंतुसंसर्गात अशा अँटिबॉडी तात्पुरत्याही दिसतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान पक्के धरत नाहीत. याच गटातली दुसरी अँटिबॉडी, अँटिकार्डिओलिपिन, निगेटिव्ह आहे. तिसरीची, म्हणजे बीटा-२ ग्लायकोप्रोटीनची, चाचणी झालेलीच नाही.

कोल्हापूरचे डॉक्टर इंजेक्शनऐवजी अपिक्साबॅनची (रक्त पातळ ठेवणारी नवी) गोळी सुचवतात. इथले फिजिशियन म्हणतात, अँटिबॉडी खरी असेल तर ही नवी गोळी नको, वॉरफेरिन ही जुनी गोळी बरी. तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांमध्ये रिव्हारॉक्साबॅन (अपिक्साबॅनच्याच गटातली गोळी) घेणाऱ्यांना वॉरफेरिनपेक्षा जास्त गुठळ्या झाल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला तो तुलनात्मक अभ्यास मध्येच थांबवावा लागला, असे मी वाचले आहे. पण काकीची तर एकच पॉझिटिव्ह आहे, तीही शंकास्पद. वॉरफेरिनसाठी वरचेवर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) करायला हवा, केमोने तिचे जेवण एक दिवस असते तर एक दिवस नसते, आणि पावसाळ्यात आमच्या घरी टाकळा, अळू, शेवग्याचा पाला सतत शिजतो, ज्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम वरखाली होतो. त्यात केमोने प्लेटलेट उतरतात, म्हणजे रक्तस्रावाची भीती वेगळीच.

आपल्यापैकी कोणी रक्तविकारतज्ज्ञ असल्यास, किंवा घरात असा रुग्ण सांभाळला असल्यास, कृपया सांगावे: पुन्हा तपासणी होईपर्यंत इंजेक्शनवरच राहावे असा आग्रह आम्ही धरावा का? औषध चालू असतानाही बीटा-२ ग्लायकोप्रोटीनची चाचणी विश्वासार्ह येते, असे असेल तर ती आताच करून घ्यावी का? आणि ल्युपस अँटिकोआग्युलंटचा नमुना इंजेक्शनच्या किती तासांनी द्यावा? काकीचे पोट डागांनी निळे पडले आहे, तरी ती तक्रार करत नाही. गरज असेल तर ती आणखी सोसेल, पण गरज आहे की नाही हे तरी तिला नीट सांगता यावे, एवढ्यासाठी विचारतो आहे. अंतिम निर्णय तिच्या डॉक्टरांशी बोलूनच घेऊ.