लूपर आणि डिले पेडल किती वर्षं टिकतं?

सहातारा: माझ्या लूपरचं (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) बटन आता दोनदा दाबलं की एकदाच लागतं, त्यामुळे लूप नेमका समेवर बंदच होत नाही. नवीन घेऊ की दुरुस्त करू? रत्नागिरीला राहतो, दमट हवेचा पण त्रास असेल का?

कोकणी_बेस: अरे टाकू नकोस, बहुतेक फूटस्विचच (पायाने दाबायचं बटन) गेलाय, तो सुट्टा मिळतो, सोल्डर करणारा कोणीही बदलून देईल. आणि हो, पावसाळ्यात जॅक गंजतात, नॉब खरखरतात, काँटॅक्ट क्लीनर मारायचा आणि पेडल सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात ठेवायचं. अ‍ॅडॅप्टरची पोलॅरिटी आधी बघ, बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, उलटा लावलास तर पेडल उडू शकतं.

रात्रपाळी: टिकण्याचं म्हणशील तर बॉस कंपनीचं डीडी-३ हे डिले पेडल (सूर थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणारं) बघ, १९८६ चं मॉडेल, जुने पीस अजून स्टेजवर दिसतात. पाय अख्ख्या प्लेटवर पडतो म्हणून आतल्या छोट्या स्विचवर थेट भार येत नाही, मला हीच रचना सगळ्यात आवडते.

सहातारा: भारी! आणि वाजवताना नवीन काय करू?

रात्रपाळी: १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) डिले ३७५ मिलीसेकंद ठेव आणि सरळ आठव्याच्या नोट्स (एका ठोक्यात दोन) वाजव, रिपीट मधल्या जागा भरतात, एकटा वाजवतोयस असं वाटतच नाही. अ‍ॅनालॉग डिले असेल तर फीडबॅक (रिपीट किती वेळा येतात ते) वाढवून टाइमचा नॉब हळूच फिरव, सूर अक्षरशः वितळतो.

कोकणी_बेस: मी तर लूपरवर सा-प चा लांब ड्रोन (तानपुऱ्यासारखा सलग सूर) टाकतो आणि त्यावर भूप वाजवतो. फक्त सुरुवातीचा अटॅक (तार छेडल्याचा ठोका) व्हॉल्यूम नॉबने लपव, नाहीतर लूपचा जोड ऐकू येतो.