‘औटकी’ म्हणजे कशाचा पाढा?

प्रश्न : आमच्या आजोबांचे प्राथमिक शिक्षण राजापूर तालुक्यातील एका वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत झाले. दिवेलागणीला ओटीवर परवचा म्हणताना पावकी, निमकी, दिडकी यांच्याबरोबर ‘औटकी’ही म्हणावी लागे, असे ते सांगतात. यातील ‘औट’ म्हणजे काय आणि ‘औट घटकेचे राज्य’ या प्रयोगाशी त्याचा संबंध आहे काय? घरातील मुलांना तो इंग्रजी ‘आउट’ वाटतो.

उत्तर : इंग्रजीशी त्याचा काहीही संबंध नाही. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे ज्यातील चौथा अर्धाच आहे असे, याचे प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाले आणि मराठीत ‘औट’. ‘अर्धतृतीय’वरून ‘अडीच’ आला तोही याच रीतीने. घटका 24 मिनिटांची, तेव्हा औट घटकेचे राज्य अवघ्या 84 मिनिटांचे.

हा पाढा मुलांकडून घोकून घेत, तो रोजच्या व्यवहारासाठी. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे 16 आणे आणि आण्याचे 4 पैसे होते. साडेतीन आणे शेर या भावाने सात शेर आमसुले विकली, तर औटकी येणारा मुलगा मनातल्या मनात साडेचोवीस आणे करून ‘दीड रुपया दोन पैसे’ असे चटकन सांगू शके. सोळा शेरांना तर पाढाही लागत नसे, कारण शेराला जितके आणे, तितकेच सोळा शेरांचे रुपये. अपूर्णांकांची इतकी सहज ओळख पुढच्या पाठ्यपुस्तकांनी करून दिली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरवणी : वरील उत्तराला आमच्या मालवणकडची एक भर घालावीशी वाटते. मास्तर चौथीची गणिते तपासत असताना एखादा मोठा मुलगा पुढे उभा राहून पाढा सांगे आणि बाकीचे मागोमाग म्हणत. खोली एकच असल्यामुळे बिगरीतल्या, अजून पाटीवर श्री गिरवणाऱ्या मुलांच्या कानांवरही तो पडे आणि ‘औट’चा अर्थ कळण्यापूर्वीच औटकी तोंडपाठ होई. लेखनाविषयी म्हणाल, तर ‘औटघटका’ असे जोडून लिहिलेले आढळते आणि ते ग्राह्य आहे. ‘आउट घटका’ मात्र सर्वथा चूक.