सोळाच्या आत डेट नाही, चहा तर कधीच नाही: मॉर्मन मुलांचे नियम तुम्हाला पटतात का?

वाळवंटातली_आई
आम्ही लीहायला राहतो, अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या खाली, आयटीवाले सगळे इकडेच. लेक १५ची. आमच्या गल्लीत आम्ही आणि अजून एक घर सोडलं तर सगळे मॉर्मन (जोसेफ स्मिथने सुरू केलेला ख्रिस्ती पंथ), त्यामुळे तिची जवळची मैत्रीणही मॉर्मनच. पुढच्या महिन्यात लेकीचा वाढदिवस रविवारी येतोय, पूल पार्टी ठरवली, तर ही पोरगी म्हणते काकू रविवारी नाही येता येणार, सबाथ असतो, म्हणजे देवाचा, विश्रांतीचा दिवस. मला आधी रागच आला खरं सांगते, वर्षातून एकदा येतो वाढदिवस. पण मग वाटलं, १५ वर्षांची मुलगी समोर पूल, पिझ्झा, सगळ्या मैत्रिणी असताना शांतपणे नाही म्हणते, घरचं कुणी शेजारी उभंही नाही. आमच्याकडे जेवताना फोन बाजूला ठेव म्हटलं तरी महाभारत!
ह्यांच्या चर्चची मुलांसाठी एक छोटी पुस्तिका असते, १९६५ पासून निघते. २०११च्या आवृत्तीत सगळं स्पष्ट होतं: १६ व्हायच्या आत डेटिंग नाही, सुरुवातीला ग्रुपमध्येच जा, पोट-खांदे झाकणारे कपडे, टॅटू नाही. दारू-सिगरेट तर नाहीच, चहा-कॉफीपण नाही. माझं म्हणणं, आपल्याकडेही असं लेखी काहीतरी हवं होतं. निदान भांडताना पान काढून दाखवता आलं असतं. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज
चहा नाही?? मग नैतिकतेचं पुढचं बोलायलाच नको, धागा बंद करा 😄
जोक सोडा, पण कोक चालतो आणि चहा नाही हे काय लॉजिक आहे?

वाळवंटातली_आई
@चहाबाज, १८३३ साली जोसेफ स्मिथने जो आरोग्याचा नियम सांगितला त्यात 'गरम पेयं' असा शब्द आहे, त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतात. आइस्ड कॉफी पण नाही आणि ग्रीन टी पण नाही, हे २०१९ला परत स्पष्ट केलं. कोकला मनाई नाही, तरी त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या कँपसवर कॅफिनवाला कोक २०१७ पर्यंत विकतच नव्हते. इथे सोडा शॉप बघा, कोकात नारळाचं सिरप आणि क्रीम घालून बादलीएवढा ग्लास, ड्राइव्ह-थ्रूला रांगा लागतात.

निखिल_एसएलसी
मी तिथेच वाढलो, आता २४चा आहे, म्हणून आतून नाही पण अगदी खिडकीतून बघितलेलं सांगतो. काकू तुम्हाला मैत्रीण दिसतेय, मला माझी नववी आठवतेय. युटात शाळेच्या शेजारीच चर्चची सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाची, बिल्डिंग असते, मुलं शाळेच्या वेळातच एक तास तिकडे जाऊन येतात, चार वर्षं. म्हणजे एका पिरियडला अर्ध्याहून जास्त ग्रुप उठून जायचा आणि आम्ही उरलेले तीन-चार जण एकमेकांची तोंडं बघत बसायचो. आठवड्यात एक संध्याकाळ त्यांची यूथ अ‍ॅक्टिव्हिटी, रविवार सबाथ. मला चार वेळा चर्चला बोलावलं, मी चार वेळा नाही म्हटलं, पाचव्यांदा बोलावणं आलं नाही आणि घरी येणंजाणंही तिथेच थांबलं. कुणी वाईट वागलं नाही हं, सगळे गोडच होते. नियम त्यांना असतात पण एकटं बाहेरचं पोर पडतं.

गौरी_ह
मला सर्वात जास्त काय खटकतं तर इंटरव्ह्यू. बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नसतो, गल्लीतलाच कुणीतरी, दिवसा अकाउंटंट किंवा डेंटिस्ट. तो वर्षातून दोनदा १२-१३ वर्षांच्या पोरांना खोलीत बसवून विचारणार की तू शरीराची पवित्रता पाळतेस का. ह्यूस्टनचे एक माजी बिशप सॅम यंग ह्यांनी ह्याविरुद्ध मोहीम चालवली, उपोषणसुद्धा केलं, आणि सप्टेंबर २०१८मध्ये चर्चने त्यांनाच बाहेर काढलं. त्याच वर्षी आईवडील किंवा दुसरं मोठं माणूस सोबत बसू शकतं असा नियम आला, पण तो मुलाने मागितलं तर. आता मला सांगा १३ वर्षांची कोणती मुलगी म्हणेल की आईला आत बोलवा?

जुनं_खोड
अहो पण आपल्याकडे काय कमी चौकशी होते. मी सातारचा, आमच्या वेळी मुलीशी नुसतं बोललं तरी संध्याकाळपर्यंत वडिलांच्या कानावर. त्यांचं निदान छापलेलं तरी आहे. आपलं 'लोक काय म्हणतील' हे पुस्तक कुणी बघितलंय? रोज नवीन आवृत्ती.

गौरी_ह
@जुनं_खोड, काका आपलंही वाईट आहे म्हणून त्यांचं चांगलं होत नाही ना. एलिझाबेथ स्मार्ट माहितीये का? मॉर्मन घरातली मुलगी, २००२ला १४ वर्षांची असताना सॉल्ट लेक सिटीतल्या घरातून पळवली, नऊ महिने अत्याचार. तिने २०१३ला जाहीर भाषणात सांगितलं की लहानपणी एका टीचरने लग्नाआधीच्या संबंधांना चघळलेल्या च्युइंगमची उपमा दिलेली आणि बलात्कारानंतर तिला तेच आठवलं, की मी आता तो चघळलेला गम, मला कोण परत घेणार. पवित्रता शिकवताना हे पण शिकवलं जातं, कुठल्याही धर्मात, आपल्याकडे तर 'काचेचं भांडं' आहेच.

पुणे_ते_बेंगळुरू
मी स्वतः ह्या चर्चची मेंबर आहे, मूळची पुण्याची, त्यामुळे जपून लिहिते. पहिलं म्हणजे २०१८मध्ये आमचे तेव्हाचे प्रेसिडेंट, म्हणजे चर्चचे प्रमुख, नेल्सन ह्यांनी 'मॉर्मन' न म्हणता चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं, पण इथे कुणाला कळणार नाही म्हणून राहू दे. दुसरं, तुम्ही सगळे २०११वर भांडताय. २०२२मध्ये पुस्तिका पूर्ण बदलली, चर्चच्या ऑक्टोबरच्या कॉन्फरन्समध्ये वरिष्ठ नेते उख्टडॉर्फ ह्यांनी जाहीर केलं. खांदे, पोट, स्कर्टची यादीच काढून टाकली. आता तत्त्वं दिलीत आणि निवड मुलांनी प्रार्थना करून करायची. गौरी म्हणतात ते च्युइंगमचे धडे मीही ऐकून आहे, ते चुकीचेच. पण माझ्या मुलाला नियमाने नाही, आधाराने वाढवलंय असं मला वाटतं. कॉलेजच्या पार्टीत नाही म्हणायला त्याला कारण शोधावं लागत नाही, हे छोटं नाही हो.

वाळवंटातली_आई
पण मला वाटतं यादी काढली ते चुकलंच! मैत्रिणीची आई मला म्हणाली, आधी मी पुस्तिका दाखवायचे, आता मुलगी म्हणते मी प्रार्थना केली आणि मला कानाला दुसरं भोक पाडायला ओके वाटतंय. २००० साली तेव्हाचे प्रेसिडेंट हिंकली म्हणाले होते की मुलींनी कानात एकच जोड घालावा, मग ती बाई त्यावरच मोठी झाली. मी तिला माझ्या आजीचा फोटो दाखवला, कुडी, वर बुगडी, नाकात नथ. बराच वेळ बघत बसली बिचारी.

निखिल_एसएलसी
यादी गेली म्हणून आयांची नजर जात नाही काकू. आणि समलिंगी मुलांसाठी तर काहीच गेलं नाही. २०१५ला समलिंगी जोडप्यांच्या मुलांना १८ पर्यंत बाप्तिस्माच नाही असा नियम आणला, २०१९ला मागे घेतला, मधली साडेतीन वर्षं त्या मुलांनी कशी काढली असतील. माझा एक मित्र तेव्हा ११वीत होता, घरात सांगूच शकला नाही. तो एकही नियम मोडत नव्हता, दारू नाही कॉफी नाही, सेमिनरीला पहिला. नुसता होता तसा होता.

पुणे_ते_बेंगळुरू
@निखिल_एसएलसी, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाईट वाटतं एवढंच.

जुनं_खोड
बरं पण मूळ प्रश्न राहिला, वाढदिवसाचं काय ठरलं?

वाळवंटातली_आई
लेकीनेच शनिवारी ठेवला. मी म्हटलं एका मुलीसाठी सगळं हलवायचं का, तर म्हणे तिने माझ्यासाठी दिवाळीत चार तास रांगोळी काढलीये. आता मोठ्यांना चहा तर करावाच लागेल, तिच्यासाठी गवती चहा आणि आल्याचा काढा करते पावडर न घालता, हर्बल चालतं त्यांना. @पुणे_ते_बेंगळुरू चालतं ना नक्की?

पुणे_ते_बेंगळुरू
हो चालतं. फक्त नाव चहा सांगू नका, उगाच घाबरेल 🙂