मदत हवी आहे: पहिल्या वर्षासाठी हॉस्टेल की शेअरिंगची खोली? बजेट अगदी कमी

विद्यापीठाचं हॉस्टेल आणि बाहेर तिघांत एक फ्लॅट, असे दोन पर्याय आहेत. नुसतं महिन्याचं भाडं पाहिलं तर फ्लॅट स्वस्त. पण करार १२ महिन्यांचा आणि राहणं जेमतेम ९ महिने, म्हणजे प्रत्यक्षात भाडं एक तृतीयांशाने जास्त पडतं. शिवाय वीज, पाणी, इंटरनेट वेगळं. हॉस्टेलच्या फीमध्ये हे सगळं धरलेलं आहे.

प्रवासाचंही गणित आहेच. एका बाजूला ४० मिनिटं, आठवड्यातून ६ दिवस, म्हणजे आठवड्याला ८ तास आणि वर पासचे पैसे.

खरी अडचण करारात आहे. तिघांचा एकच संयुक्त करार असेल तर एकाने मध्येच खोली सोडल्यावर त्याचा वाटा बाकी दोघांच्या गळ्यात येतो. प्रत्येकाचा स्वतंत्र करार मागितला तर घरमालक सहसा तयार होतात का? नसतील, तर बदली माणूस आणण्याचं कलम नेमकं कसं लिहून घ्यावं?

आणि डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून ताबा घेताना तारखेसह फोटो, मीटरचं रीडिंग, सामानाची सही केलेली यादी एवढं पुरतं का? हॉस्टेलची जागा धरायला मुदत थोडीच उरली आहे, कृपया लवकर सांगा.