विठाबाईंची नाळ पुरे, आता गाण्याचं बोला

जुन्नरकर:
काल इथे एकाने लिहिलं, "विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. आजच्या बायकांनी शिकावं." काय शिकावं? ओल्या बाळंतिणीला पुन्हा चाळ बांधावे लागले, ही आपली लाज आहे. भाऊ-बापू या बाप-चुलत्यांच्या तमाशाच्या फडातली ही लेक गायची, नाचायची, वग म्हणजे तमाशातलं नाट्य पेलायची. २००२ साली गेली, तीही हलाखीत. आणि आपण दगड पुजतोय.

फडकरी:
दादा, ते लिहिणारा मीच. पोट उतरलेलं बघून पब्लिकनेच खेळ थांबवला म्हणतात, ते पण लिहा की. बाईचं धाडस सांगितलं तर बिघडलं कुठं? सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव देतं, पण वग बघायला मिळतो का? रात्री दहाला कर्णा बंद! गण, गवळण, बतावणी होईतो पोलीस दारात. वग रंगायचा तो पहाटेपर्यंत.

गावठाणकर:
दहाचा नियम हवाच. माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, आणि जत्रेत रात्री दोनला खिडकीच्या काचा थरथरत होत्या. विनंती करायला गेलो तर धक्काबुक्की झाली. कला कला करणाऱ्यांनी एक रात्र तिथे झोपून दाखवावं.

फडकरी:
तो डीजे असणार! ढोलकीने काचा हलत नाहीत. डीजेचं पाप तमाशाच्या माथी मारू नका. माझ्या चुलत्याने तीस वर्षं फडात हलगी वाजवली, आता रोजंदारीवर जातो. त्याच्या तोंडावर बोला हे.

गावठाणकर:
डीजेच होता, कबूल. पण फडही आता मोठाले कर्णे लावतात. बिनकर्ण्याचा वग करा, मी स्वतः तिकीट काढीन.

जुन्नरकर:
बघा, विठाबाई राहिल्या बाजूला! चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागायच्या, तेव्हा जत्रेच्या खेळाची सुपारी द्यायला आजोबा गावकऱ्यांबरोबर जायचे. म्हणायचे, विठाचा फड मिळाला की जत्रा जिंकली. तिने गवळणीला सूर लावला की मागच्या बैलगाडीवरचा माणूससुद्धा बिडी विझवून ऐकायचा. बाळंतपणाबद्दल आजोबा कधी बोलले नाहीत.

फडकरी:
"आजच्या बायकांनी शिकावं" हे वाक्य काढतो. ते चुकलंच. दहाच्या नियमावर मात्र माघार नाही.