आरएसए-९११ चे रकाने उडवा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

निशिगंध

भीमथडी, तुमच्या परवाच्या पोस्टखालीच लिहिणार होते, पण लांबणार हे दिसलं म्हणून वेगळा धागा काढते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत अपंगांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या राज्यांच्या व्हीआर (व्होकेशनल रिहॅबिलिटेशन) एजन्सी आपल्या क्लायंटची माहिती ज्या नमुन्यात केंद्रीय शिक्षण खात्याच्या आरएसए विभागाला पाठवतात तो आरएसए-९११. भीमथडींचं म्हणणं, त्याची मंजुरी नव्याने घ्यायची वेळ येईल तेव्हा सगळ्यांनी हरकती पाठवून निम्मे रकाने काढायला लावावेत, तिमाही अहवाल बंद करावा आणि पूर्वीसारखा वर्षातून एकदा, फक्त बंद झालेल्या केसेसचा अहवाल पाठवावा, म्हणजे व्हीआर कौन्सेलरना माणसांसाठी वेळ मिळेल. खाली भराभर अनुमोदनं पडलीत, त्यात आपल्यासारखे पालकही आहेत. राग त्याचा जास्त आला.

"फक्त बंद केसेस" हा प्रकार जुलै २०१७ पर्यंत चालूच होता. अर्ज केल्यावर पात्रता ठरायला ६० दिवस, पात्र ठरल्यावर आयपीई (नोकरीसाठीचा वैयक्तिक आराखडा) व्हायला ९० दिवस, असं कायदा सांगतो. समजा दोन्ही मुदती उलटल्या आणि माणूस तसाच बसून आहे. जुन्या पद्धतीत त्याची केस बंद होईपर्यंत वॉशिंग्टनला त्याचं नावगाव कळत नव्हतं. कळायचं तेव्हा त्याची उमेदीची वर्षं गेलेली असायची. २०१४ च्या विओआ या रोजगार-प्रशिक्षणाच्या केंद्रीय कायद्यानंतर उघड्या केसेसही दर तिमाहीला जायला लागल्या, त्यामुळे उशीर होत असतानाच दिसतो. तुम्ही नेमकं तेच काढायला निघालात.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. हायस्कूल संपताना व्हीआरकडे अर्ज केला, पात्रही ठरला. मग कौन्सेलर बदलली, पुढची रजेवर गेली, तिसऱ्याने फोनच उचलला नाही. मध्येच एक कागद आला, सही करा म्हणाले. मी केली. तो आयपीईची मुदत वाढवायला आमची संमती असल्याचा कागद होता. कायद्यात ती सोय आहे, पण ती अशी न समजावता घेण्यासाठी नाही. तो रकाना कुठेतरी भरला गेला म्हणून निदान नोंद राहिली की इतक्या तारखेला मुदत वाढली. ती नोंद काढून टाका असं एका आईला सांगताना थोडा विचार करा.

भीमथडी

निशिगंधताई, तुमच्या मुलाबाबत जे झालं ते वाईट झालं, त्याचं समर्थन करणार नाही. पण त्या तिसऱ्या कौन्सेलरने फोन का उचलला नाही याचा विचार तुम्ही केलात का? मी त्या खुर्चीत बसतो, म्हणून सांगतो.

माझ्याकडे कॉलेजात शिकणारे क्लायंट आहेत. प्रत्येकाचं 'मेझरेबल स्किल गेन' (मोजता येईल अशी शिक्षणातली प्रगती) दाखवायचं तर ट्रान्सक्रिप्ट लागतं. मुलं ते पाठवत नाहीत. सेमिस्टर संपलं की माझा आठवडा मेसेज, ईमेल आणि कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या मागे लागण्यात जातो. कागद मिळाला नाही तर मुलगा पास होऊनही प्रगती शून्य दिसते. मग प्री-एट्सच्या (अपंग विद्यार्थ्यांना शाळेत असतानाच दिलेल्या नोकरीच्या तयारीच्या) पाच सेवा: कुठल्या विद्यार्थ्याला कुठली, कोणी दिली, कधी सुरू झाली, खर्च किती. एका शाळेत वर्गभर मुलांना मुलाखतीची तयारी शिकवली की प्रत्येकाची वेगळी नोंद. एक तारीख चुकली, आयपीई पात्रतेच्या आधीची पडली, की पडताळणीत केस परत. त्या संध्याकाळी ज्यांना फोन करायचे असतात ते राहतात, आणि त्यांत तुमच्या मुलासारखेच असतात.

आणि हे वाचणार कोण? मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्यातली जवळपास निम्मी माणसं कमी केली. आम्ही रकाने भरतोय, तिकडे बघायला माणूस नाही.

आकडेमोड

मी एका राज्याच्या व्हीआर एजन्सीत याच डेटाचं काम करते. कुठलं राज्य ते सांगणार नाही.

भीमथडी, तुम्ही दोन गोष्टी एकात मिसळताय. क्लायंट व्हीआरमधून बाहेर पडल्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीतली नोकरी, मधला पगार, हे तुम्ही भरत नाही. ते बेरोजगारी विम्याच्या वेज रेकॉर्डशी जुळवून आम्ही काढतो. सेवेची तारीख आणि खर्च तर बिल देण्यासाठी कुठल्याही परिस्थितीत नोंदवावाच लागतो. तुमचा वेळ खाते ती सॉफ्टवेअरची दुहेरी नोंद: ठेकेदार एकीकडे भरतो, तुम्ही दुसरीकडे. त्यासाठी तुमच्या राज्याला धरा. आणि रकाने कमी करायचं काम २०२० पासूनच्या सुधारित नमुन्यात एकदा झालेलंही आहे.

निम्मे उडवा म्हणताना त्यांत कोणते जातील ते बघा. विओआत प्रत्येक राज्याचं लक्ष्य ठरतं ते संख्याशास्त्रीय मॉडेल लावून: क्लायंट किती गंभीर अपंगत्वाचे, किती कमी शिकलेले, किती जणांचं इंग्रजी कच्चं, किती जण दीर्घकाळ बेरोजगार. हे रकाने गेले तर जी एजन्सी सगळ्यात अवघड माणसं घेते ती कागदावर सगळ्यात वाईट दिसेल. मग ती काय करेल? सोपी माणसं घेईल.

ट्रान्सक्रिप्टचं मात्र खरं आहे. त्या एका मोजमापाने सगळ्यांना छळलंय.

खडीसाखर

आकडेमोड, अगदी हेच. जुन्या काळी कौन्सेलर "सव्वीस" मोजायचे, आठवतंय का कोणाला? स्टेटस २६, म्हणजे यशस्वी क्लोजर. नव्वद दिवस नोकरी टिकली की केस बंद. माझ्या भाच्याला एका दुकानात सामान लावायला ठेवलं, नव्वद दिवस भरले, सव्वीस झाला, जॉब कोच काढून घेतला. त्याला गर्दीचा त्रास होतो, सणासुदीच्या हंगामात त्याचा तोल गेला आणि नोकरी गेली. एजन्सीच्या लेखी तो यशस्वीच राहिला. चौथ्या तिमाहीत बघायचा नियम तेव्हा असता तर तो दिसला असता.

भीमथडी

चौथ्या तिमाहीचा आकडा ठेवा, माझी हरकत नाही. तसंही तो मला भरावा लागत नाही हे आत्ताच कळलंय.

दख्खनचा_वारा

तो आकडाही पूर्ण नाही. मी अंध आहे. आमच्या राज्यात अंधांसाठी वेगळी एजन्सी आहे, तिने मला स्क्रीन रीडर, ब्रेल डिस्प्ले आणि छोटा व्यवसाय उभा करायला मदत केली. मी स्वतःचं कन्सल्टिंग करतो, व्यवस्थित कमावतो. पण माझा मालक मीच, त्यामुळे बेरोजगारी विम्याच्या रेकॉर्डमध्ये माझं नावच येत नाही. कोणी वेगळे कागद मागून जोडले तरच मी नोकरीत दिसतो. मग कौन्सेलर स्वयंरोजगाराचं नाव काढलं की कचरतात, कारण तो कागद गोळा करायचं काम त्यांच्याच गळ्यात. म्हणून मी रकाने कमी करायच्याही विरुद्ध आणि आहेत तसेच ठेवायच्याही विरुद्ध. आमचा रकाना सुधारा.

सातपुडा

तुम्ही सगळे आत असलेल्यांचं मोजमाप चांगलं की वाईट यावर भांडताय. जे दारातूनच परत पाठवले जातात ते कुठे मोजता?

माझी मुलगी ऐकू न येणारी. आम्ही एच-वन (कामाच्या व्हिसा) वर, ती एच-फोर (कुटुंबीयांच्या व्हिसा) वर. शाळेने सगळं दिलं, दुभाषी, आयईपी (तिच्यासाठीचा शिक्षणाचा आराखडा), सगळं, कारण शाळा व्हिसा विचारत नाही. प्री-एट्समध्येही तिला घेतलं, संभाव्य पात्र विद्यार्थी म्हणून. मग हायस्कूल संपत आलं तेव्हा कौन्सेलरने विचारलं, काम करायची परवानगी आहे का? नाही. मग अर्ज भरण्यात अर्थ नाही, म्हणाली. अर्जच नाही, म्हणजे नकारही नाही, म्हणजे आरएसए-९११ मध्ये तिचं पुढे काय झालं याची ओळच नाही. शेवटची नोंद असेल मुलाखतीच्या तयारीची. ज्या नोकरीच्या मुलाखतीला ती बसूच शकत नाही तिच्या तयारीची.

भीमथडी

सातपुडा, वाईट वाटलं. पण ज्याला इथे काम करायची परवानगी नाही त्याला मी नोकरी कुठे लावू? व्हीआरचा उद्देशच नोकरी आहे. हा इमिग्रेशनचा प्रश्न, आरएसएचा नाही.

चाफेकळी

विषयांतर होतंय. एच-फोरसाठी स्वतंत्र धागा काढा.

सातपुडा

विषयांतर? भारतीयांना ग्रीन कार्डच्या देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेत अडकवलंय, तारीख करंट होत नाही म्हणजे नंबर लागत नाही, आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरता येत नाही, म्हणून मुलांना ईएडी (कामाची परवानगी) नाही. एकवीस झालं की एच-फोरही संपणार. ज्या वयात व्हीआरची गरज सगळ्यात जास्त, त्याच वयात आमची मुलं देश सोडायच्या तयारीत. इथे मराठी वाचणाऱ्यांत अशी किती घरं आहेत ते तुम्हाला माहीत आहे, चाफेकळी. ज्यांचे पासपोर्ट निळे, अमेरिकी झाले त्यांना हे विषयांतर वाटणारच.

चाफेकळी

हे बोलणं मला लागलं. आम्हीही त्याच रांगेत होतो. माझ्या मुलाचा ऑटिझम आम्ही आमच्या महाराष्ट्र मंडळात वर्षानुवर्षं सांगितला नाही, कारण लोक काय म्हणतील. तुमचं दुःख मोठं म्हणून बाकीचे सुखात आहेत असं समजू नका.

सातपुडा

सुखात आहात असं म्हणालो नाही. पासपोर्टचं बोललो ते रागात बोललो, पण म्हणणं तेच आहे: जिला अर्ज करू नका म्हणून तोंडी सांगितलं जातं तिची नोंद कुठेही होत नाही.

खडीसाखर

सातपुडा, एक विचारते. तुमच्या मुलीला परत पाठवताना काही लेखी दिलं का? दर राज्यात क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅम असतो, कायद्यानेच. तो अर्जदारांनाही मदत करतो.

सातपुडा

अर्जदार. पुन्हा तेच. तोंडी सांगितलं की माणूस अर्जदार होतच नाही.

दख्खनचा_वारा

हे फक्त एच-फोरचं नाही. सिटिझन असलेल्यांनाही तोंडी परत पाठवतात. "तुमचं अपंगत्व फार आहे, आमच्याकडे जमणार नाही", "सध्या ऑर्डर ऑफ सिलेक्शन आहे (म्हणजे सगळ्यांना पुरत नाही म्हणून जास्त गंभीर अपंगत्वाचे आधी), प्रतीक्षा यादी मोठी आहे, आत्ता अर्ज करून उपयोग नाही". यादी असली तरी अर्ज घेऊन पात्रता ठरवायची असते, मग यादीत टाकायचं. तोंडी परतवलं की यादी कागदावर लहान दिसते. सातपुडांनी काढलेला मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात मोठा वाटतो.

भीमथडी

म्हणजे आता चौकशीला आलेल्या प्रत्येकाचीही नोंद? रकाने कमी करायच्या धाग्यावर रकाने वाढवायला निघालात. फोनवर कोणी काही विचारतं, तेही लिहू?

निशिगंध

फोन नाही. अर्ज मागितला आणि दिला नाही, एवढंच. भीमथडी, तुम्ही स्वतः कधी कोणाला अर्ज न देता परत पाठवलंय का?

भीमथडी

मी नाही. माझ्या कार्यालयात घडलंय. ते मी पाहिलंय आणि त्यावर मी बोललोही होतो.

चाफेकळी

आता मूळ विषयावर येऊन माझं एक म्हणणं. मार्च २०२४ मध्ये वंशाच्या माहितीचे केंद्रीय निकष बदलले. 'एशियन' या एका शब्दाखाली न थांबता एशियन इंडियन, चायनीज, फिलिपिनो असे तपशील घ्यायचे आहेत, आणि सगळ्या खात्यांना त्यासाठी मुदत दिली आहे. आरएसए-९११ मध्ये हे यायलाच हवं. आपली माणसं व्हीआरकडे जातात की नाहीत, घरात लपवून ठेवलेली मुलं बाहेर येतात की नाहीत, हे 'एशियन' मधून कधीच कळणार नाही. रकाने उडवायची मोहीम काढलीत तर हा पहिला जाईल.

आकडेमोड

छोट्या राज्यांत इतक्या बारीक गटात दोन-तीन माणसं उरतात आणि ओळख उघड होते. आकडे झाकावे लागतील. पण देशपातळीवर उपयोग नक्की आहे.

भीमथडी, वाचायला कोणी नाही म्हणालात त्यावर: खर्चाचे ७८.७ टक्के केंद्राचे आहेत. वाचणारं खातं अशक्त झालं असेल तर आकडे बाहेर असणं जास्त गरजेचं आहे, कारण मग राज्याच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलमध्ये पालकच ते वाचणार. आमच्याकडे एका आईने तिमाही आकड्यांवरून दाखवलं की एका विभागात आयपीईला उशीर होतोय. बैठकीत कोणाला नाही म्हणता आलं नाही.

भीमथडी

ठीक आहे. निम्मे उडवा हे मागे घेतो, असं समजा. तिमाही अहवालही राहू द्या. पण या तीन गोष्टींवर तुम्ही पालकांनी आमच्या बाजूने हरकत पाठवा: ट्रान्सक्रिप्ट कॉलेज आणि राज्याने परस्पर जुळवावं, कौन्सेलरने मागू नये. वर्गभर दिलेल्या प्री-एट्सची एकच सामूहिक नोंद चालावी. आणि पडताळणीत अडकलेली किरकोळ तारखेची चूक पुढच्या तिमाहीत दुरुस्त करू द्यावी. नोटीस निघाली की आधी ६० दिवस असतात, मग ओएमबीकडे (अशा नमुन्यांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे) ३० दिवस. दोन्ही वेळेला लिहा.

निशिगंध

पहिलीला माझी सही. तिसरीलाही, पण आयपीईची आणि पात्रतेची तारीख 'किरकोळ' मध्ये धरायची नाही.

दुसरी नाही. वर्गात तीस मुलं बसली अशी एकच नोंद केलीत तर त्यांतला माझा मुलगा त्या दिवशी मागच्या बाकावर कान झाकून बसला होता, की त्याला खरंच काही मिळालं, हे कधीच विचारता येणार नाही. १५ टक्के निधी या मुलांसाठी राखून ठेवलाय तो प्रत्येकासाठी. आणि सातपुडांचा मुद्दा, अर्ज मागून न मिळाल्याची नोंद, तो मी चौथा म्हणून घालणार आहे. तुम्हाला पटत नसेल तर तुमची हरकत वेगळी पाठवा.

भीमथडी

वेगळीच पाठवेन. दुसऱ्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

सातपुडा

निशिगंध, चौथ्याचा मसुदा मी लिहून इथे टाकतो.